लाखनीत न पडणारा बर्फ

चार-पाच वर्षांपूर्वीची डिसेंबरातली सकाळ. लाखनीपासून सायकलने अर्ध्या तासावर असलेल्या एका मामा तलावाच्या पाळीवर मी दुर्बीण घेऊन बसलो होतो. जाळे सोडवत बसलेले एक ढिवर काकाजी माझ्याकडे बराच वेळ पाहत होते. शेवटी म्हणाले, "पानी त बारा मईने आहे जी भाऊ तलावात. मंग हे पाखरं चारच मईने काहून येतेत? बाकीचे आठ मईने कोठं रायतेत?"

पुस्तकातले उत्तर मी दिले. उत्तरेकडे फार थंडी पडते, म्हणून ते इकडे येतात. काकाजींनी समोर बोट केले. पहाटेच्या धुक्यात, हात घातला तर बोटे बधिर होतील अशा पाण्यात, तलवार बदके निवांत पोहत होती. "थंडीचा भेव यायले दिसते का तुमाले?" ते म्हणाले.

मी पक्षिशास्त्र शिकलेला माणूस नाही. बारावीनंतर कॉलेज सुटले, गावात बी-बियाण्यांचे दुकान टाकले, आणि जे काही शिकलो ते दुकान बंद केल्यावरच्या वेळात. मारुती चितमपल्लींच्या पुस्तकांनी मला या छंदाकडे ओढले. ते आमच्याच मुलखात, नवेगावबांधला, वनाधिकारी म्हणून राहिले होते. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा घरातला वडीलधारा गेल्यासारखे वाटले. पाखरांबद्दल आधी ढिवरांना, गोंडांना, कोहळ्यांना विचारावे आणि मग पुस्तक उघडावे, ही रीत मी त्यांच्या लेखनातूनच उचलली. त्यामुळे काकाजींचा प्रश्न मला टाळता येण्यासारखा नव्हता.

त्याचे उत्तर शोधता शोधता मी जिथे पोहोचलो ती गोष्ट लाखनीत कोणी कधी पाहिलेली नाही. ती म्हणजे बर्फ.

आमच्याकडे बर्फ का पडत नाही, हे आधी सांगायला हवे. लाखनी २१ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे-तीनशे मीटरांवर आहे. हिवाळ्यातही आमच्या डोक्यावर तीन-चार किलोमीटर चढून गेल्याखेरीज हवा शून्य अंशाला पोहोचत नाही. तिथे ढगात हिमकण तयार झाला तरी खाली येईपर्यंत त्याचे पाणी होते. दुसरी अडचण अशी की आमच्या भागात थंडी आणि ढग एका घरात नांदत नाहीत. कडाक्याची थंडी पडते ती निरभ्र, कोरड्या रात्री, आणि ढग आले की रात्रीचा पारा वर चढतो. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे नागपुरात ३.५ अंश तापमान नोंदले गेले, पण आकाशात ढगाचा तुकडा नव्हता. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी पानांवर पांढरा थर दिसल्याची बातमी अधूनमधून छापून येते. तेही गोठलेले दव असते, बर्फवृष्टी नव्हे.

तरीही आमच्या हिवाळ्याची दोरी बर्फाच्याच हातात आहे. भूमध्य समुद्राकडून निघणारी पावसाळी वादळे, ज्यांना हवामानखाते पश्चिमी विक्षोभ म्हणते, हिवाळ्यात एकामागून एक काश्मीर-हिमाचलात येऊन बर्फ टाकून जातात. ते पुढे सरकले की त्यांच्या पाठीमागून उत्तरेची कोरडी, गार हवा मैदानात उतरते. दोन-तीन दिवसांत ती आमच्यापर्यंत येते. टीव्हीवर मनालीत बर्फ दाखवला की लाखनीच्या बसस्टॉपवर शेकोट्या वाढतात, हा माझा बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे.

आता बदकांकडे वळतो. काकाजींचे म्हणणे बरोबर होते. बदकाला थंडीचे विशेष भय नसते. बाहेरच्या पिसांवर तेलकट लेप असल्याने पाणी आत शिरत नाही, आणि त्याखालच्या मऊ पिसांत हवा कोंडून राहते, आपल्या गोधडीसारखी. उघडे राहतात ते फक्त पाय. तिथेही सोय आहे. पायात जाणाऱ्या गरम रक्ताच्या वाहिन्या परत येणाऱ्या थंड रक्ताच्या वाहिन्यांना लागून असतात. जाणारे रक्त आपली ऊब येणाऱ्या रक्ताला देऊन टाकते, म्हणून पाय थंडगार झाले तरी शरीराची ऊब पाण्यात वाया जात नाही. असे बदक शून्याखालच्या हवेतही तग धरते, मात्र त्याला खायला मिळाले पाहिजे.

आणि बर्फ नेमके तेच काढून घेतो. पाणी चार अंशांना सर्वांत जड असते. त्याहून थंड झालेले पाणी वर राहते आणि तलाव वरून गोठतो. खाली पाणी असते, पाणवनस्पती असतात, किडे-शंख असतात, पण वर झाकण बसलेले. जमिनीवर हिम पडला की गवत, बिया, सारे त्याखाली जाते. मंगोलियातल्या किंवा सायबेरियातल्या बदकाच्या दृष्टीने ऑक्टोबरानंतर सगळी कोठारे कुलूपबंद होतात. जिथे पाणी उघडे राहते तिथे काही पाणपक्षी भर थंडीतही थांबतात, यावरून कारण थंडीपेक्षा अन्नाचे आहे हे दिसते. अर्थात पक्षी बर्फ पडेपर्यंत वाट पाहत नाहीत. दिवस लहान होऊ लागला की त्यांच्या शरीरातले घड्याळ त्यांना अधाशासारखे खायला लावते, अंगावर चरबी चढते आणि एका रात्री ते निघतात. पण ते घड्याळ लावून ठेवले आहे हजारो वर्षांच्या बर्फाने.

हे मी नंतर काकाजींना सांगितले. त्यांनी दोन क्षण विचार केला आणि म्हणाले, "म्हनजे तो त्यायचा दुकाळ होय जी."

याहून नेमके वाक्य मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेले नाही. धान कापून झाले की आमच्या गावांतून माणसे नागपूरला, रायपूरला कामाला निघतात. त्याच दिवसांत ही पाखरे त्यांच्या दुष्काळातून आमच्याकडे येतात.

येण्याचा क्रम साधारण ठरलेला आहे. पाऊस ओसरता ओसरता, सप्टेंबरात, धानाच्या धुऱ्यांवर शेपटी हलवत धोबी पक्षी दिसू लागतो. त्याच सुमारास भुवई बदक येते, बदकांतले सगळ्यांत घाईचे. दिवाळीनंतर थापट्या, तलवार बदक, लालसरी. थंडी मुरली की चक्रवाक आणि पट्टकादंब. फेब्रुवारी-मार्चात पळस फुलला की मध्य आशियातली पळसमैना थव्यांनी येते. तलावावर बाराही महिने राहणारे आमचे लोक वेगळे: अडई, काणूक, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी. त्यांना बर्फाशी देणेघेणे नाही.

या सगळ्यांत पट्टकादंबाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याच्याइतका बर्फाशी नाते सांगणारा दुसरा पक्षी आमच्या तलावांवर येत नाही. राखी अंगाचा, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे असलेला हा हंसकुळातला पक्षी मंगोलिया, तिबेट, चीनमधले छिंगहाय सरोवर, किरगिझस्तान आणि आपल्या लडाखमध्ये वीण करतो. लडाखचे त्सो मोरिरी सरोवर साडेचार हजार मीटर उंचीवर आहे आणि नकाशावर लाखनीच्या जवळजवळ नाकासमोर उत्तरेला, सुमारे तेराशे किलोमीटरांवर पडते. मंगोलियातली त्याची सरोवरे आमच्यापासून सरळ रेषेत साडेतीन हजार किलोमीटर तरी असतील. मंगोलियात गळ्यात क्रमांकाचे पट्टे घातलेले पट्टकादंब दक्षिण भारतातल्या तलावांवर ओळखले गेले आहेत. आमच्या तलावावर उतरलेला थवा नेमका कुठला, हे पट्टा नसेल तर सांगता येत नाही. पण तो हिमालय ओलांडून आला आहे, एवढे नक्की.

तो हिमालय कसा ओलांडतो, याच्या पूर्वी दंतकथा होत्या. तो एव्हरेस्टच्या माथ्यावरून उडतो असे सर्रास छापले जाई, मीही एका भाषणात ते ठोकून दिले आहे. या शतकात संशोधकांनी पक्ष्यांच्या अंगावर उपग्रहाशी बोलणारी छोटी यंत्रे बसवली, तेव्हा वेगळे चित्र दिसले. नोंदली गेलेली सर्वांत जास्त उंची ७,२९० मीटर होती, पण बहुतेक प्रवास साडेपाच हजार मीटरांच्या आतच, खिंडी आणि दऱ्या धरून झालेला होता. उत्तरेकडे परतताना सपाटीवरून निघून सात-आठ तासांत ते पर्वत चढून जातात, तेही पाठीवर वारा घेऊन नव्हे, तर शक्यतो रात्री आणि पहाटे, हवा शांत, गार आणि त्यामुळे जरा दाट असताना. २०१५ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात आणखी एक गंमत कळली. एकदा उंची गाठली की ती धरून ठेवावी असे आपल्याला वाटते. हा पक्षी मात्र डोंगर चढला की चढतो, दरी आली की खाली उतरतो. विरळ हवेत पंख मारण्याचा खर्च इतका वाढतो की उतरून पुन्हा चढणे स्वस्त पडते. त्याच्या रक्तातले हिमोग्लोबिनही वेगळे आहे. अल्फा साखळीत ११९ व्या जागी प्रोलीनऐवजी अ‍ॅलनीन बसले आहे आणि एवढ्या एका बदलाने त्याचे रक्त प्राणवायू अधिक घट्ट पकडते.

इथे थोडे विषयांतर करतो, साहित्याच्या वाचकांना ते खपेल. लाखनीहून फार लांब नसलेले रामटेक म्हणजेच मेघदूतातला रामगिरी, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. सगळ्यांना ते मान्य नाही, काहींचा कौल सरगुज्याच्या रामगढाला आहे. मला आमचेच रामटेक आवडते, हे कबूल करून पुढे जातो. कालिदासाचे राजहंस आषाढातल्या मेघाची गर्जना ऐकून मानससरोवराकडे निघतात, वाटेत दशार्ण देशात थोडे दिवस थांबतात, क्रौंच पर्वतातल्या फटीतून पलीकडे जातात आणि चोचीत कमळाच्या कोवळ्या देठांची शिदोरी नेतात. दिशा बिनचूक आहे. पर्वतातली फट, म्हणजे खिंडीचा मार्ग, हेही आजच्या उपग्रहाच्या नोंदींशी जुळते. काळ मात्र चुकतो. पट्टकादंब आमच्याकडून मार्चातच हलतो. मानससरोवरावरचा बर्फ वैशाखाच्या सुमारास फुटतो, आणि आषाढात मेघ रामगिरीवर येईपर्यंत तिकडे त्याची पिल्ले पोहू लागलेली असतात. कविसंकेताला पंचांग लावू नये, हे मला कळते. पण पावसाळा लागला की हंस दिसेनासे होतात, हे पाहून कोणीतरी केव्हातरी मेघाशी नाते जोडले असावे. खरे नाते मेघाशी नसून बर्फाशी होते, पलीकडे, नजरेआड.

ती शिदोरी मात्र मला सारखी आठवत राहते, कारण ती खरी आहे. चोचीत नव्हे, कातडीखाली. परतीच्या प्रवासाची चरबी हे पक्षी जानेवारी ते मार्च या काळात आमच्या तलावांवर आणि शेतांवर साठवतात. तिकडे पोहोचल्यावर सरोवर नुकते उघडू लागलेले असते, गवत फुटायचे असते, आणि मादीला अंडी घालायची असतात. इथे पोटभर मिळाले नाही तर त्याची भरपाई वाटेत कुठेतरी करावी लागते, किंवा ती होतच नाही. म्हणून लाखनीच्या एका तलावात काय उगवते, हा प्रश्न त्सो मोरिरीपर्यंत पोहोचतो.

त्या तलावांविषयी. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून मुख्यतः कोहळी समाजाने ते बांधले. इंग्रजी अमलात ते मालगुजारांकडे राहिले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी' या शब्दांचे 'मामा' झाले. या तलावांची घडण ध्यानात घ्यायला हवी. एका बाजूला उंच पाळ, तिच्याशी खोल पाणी, आणि दुसऱ्या बाजूला जमीन हळूहळू वर चढत जाते. तिथे वीतभर, हातभर पाणी. पाऊसपाणी आटत जाते तसा हा उथळ पट्टा खाली सरकतो. देवधान, शिंगाडा, कमळ, पाण्याखालची हायड्रिला, वॅलिसनेरिया, सगळे याच पट्ट्यात. थापट्या, भुवई बदक, तलवार बदक यांना बुडी मारून चरता येत नाही. शेपटी वर करून मान पोहोचेल तेवढेच त्यांचे ताट. चार-पाच मीटर खोल पाणी त्यांना झोपायला चालते, जेवायला नाही.

गेल्या वीस वर्षांत हे ताट दोन बाजूंनी आखडले. एक म्हणजे बेशरम. ही परदेशी झुडपे काठाने अशी माजली की खालचे काही उगवेना. दुसरे, जेसीबीने होणारे खोलीकरण. गाळ काढायलाच हवा, माझे बीज घेणारे शेतकरी माझ्याशी भांडतील असे मी काही म्हणत नाही. गाळ शेतात पडला तर धान चांगले येते, हे मी स्वतः पाहिले आहे. पण गाळ काढताना काठ सरळ भिंतीसारखा कापला, की उथळ पट्टा जातो आणि त्यातले बी ट्रॉलीत भरून शेतात जाते. एका तलावाची माझी वही अशी आहे: खोदण्याआधी सहा-सात जातींची बदके डिसेंबर ते मार्च मुक्कामाला, खोदल्यानंतरच्या हिवाळ्यात तीच बदके दुपारी मध्यावर झोपलेली आणि आठवडाभरात गायब. पाणी पूर्वीपेक्षा जास्त होते. कागदावर ते काम उत्तम होते.

ढिवरांनाही हे आधी कळले होते. त्याच वनस्पतींत मासे अंडी घालतात. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या लोकांनी ढिवर समाजाबरोबर बेशरम उपटून, जुन्या जाणत्यांना विचारून पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यात बायकांचा वाटा मोठा. मासे परतले आणि मागोमाग पाखरेही आली. कोणते गवत कोणत्या खोलीवर लावायचे, हे ज्ञान तिथल्या ढिवरांकडे होते. माझ्यासारखे लोक ते वहीत उतरवून घेतात, एवढेच.

बर्फ लाखनीत अजिबात पडत नाही, हेही पूर्ण खरे नाही. गार म्हणजे बर्फच. हिवाळा सरताना, फेब्रुवारी-मार्चात, उत्तरेची थंड हवा वरच्या थरात आणि बंगालच्या उपसागराची ओल खालच्या थरात अशी भेट झाली की उंच ढग उभे राहतात. त्यांतल्या वर चढणाऱ्या झोतात थेंब गोठतो, वर फेकला जातो, थरावर थर चढवत जड होतो आणि एवढा मोठा होऊन पडतो की खालच्या गरम हवेतही वितळून संपत नाही. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्यापर्यंत मराठवाडा आणि विदर्भात झालेली गारपीट शेतकरी विसरलेले नाहीत. पाखरांची नोंद पंचनाम्यात होत नसते. अशाच एका मार्चातल्या गारपिटीनंतर मी सकाळी तलावाकाठच्या चिंचेखाली गेलो होतो. गायबगळे भिजल्या कापडासारखे पडले होते, मध्ये हिरवे पोपट, आणि आंब्याचा मोहोर पसरलेला. मी मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. बर्फापासून पळून आलेले बदक त्याच बर्फाच्या दुसऱ्या रूपाखाली सापडले असेल का, हे पाहायला मी पाण्याच्या कडेने गेलो. पण बदके आधीच निघून गेली होती.

या उन्हाळ्यात काकाजींच्या तलावाचा नंबर लागला. ग्रामसभेत आम्ही दोघे बोललो. मी नकाशा नेला होता, तो कोणी पाहिला नाही. काकाजी म्हणाले की वरच्या अंगाला खोदले तर मासा कुठे अंडी टाकेल, आणि मासा नसेल तर तलावाचा ठेका कोण घेईल? ते सगळ्यांना पटले. पाळीकडची बाजू खोल करायची आणि वरच्या अंगाचा पट्टा सोडायचा, असे ठरले. ठरल्यावरही मशीन यायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही चुन्याची रेघ मारून आलो. मशीनवाल्या पोराने दोनदा ती ओलांडली, तिसऱ्यांदा काकाजी रेघेवर जाऊन बसले.

आता तलाव भरला आहे. सोडलेल्या पट्ट्यात देवधान निसवले आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथे भुवई बदकांची पहिली जोडी उतरली, शेपट्या वर करून चरत होती. पट्टकादंब यायला अजून दोन महिने आहेत. तिकडे, त्सो मोरिरीच्या काठावर, आता पाणी कडेने गोठायला लागेल.